पत्रकातून गेलेला परिच्छेद

पत्रक छापायला देण्याआधी आईला वाचून दाखवायचं, हा बाबांनी घातलेला नियम. आई घणसोली गावातल्या आमच्या भाड्याच्या खोलीच्या दारात समोरच्या टॉवरमधल्या लोकांचे कपडे इस्त्री करते. वाचताना तिची इस्त्री जिथं थांबेल तिथं वाक्य कच्चं, असं बाबा म्हणायचे. ते गेल्यावर त्यांच्या संघटनेची पत्रकं मी लिहू लागले. नियम तोच ठेवला.

मागच्या वर्षी संघटनेनं किनाऱ्यावरच्या जुन्या अणुप्रकल्पाविरुद्ध पत्रक मागितलं. माझी आत्या त्याच्या शेजारच्या गावात राहते. रात्री प्रकल्पाचा भोंगा वाजला की आधी नातवंडं मोजते आणि मग विचारते, सराव आहे की खरं. मी रागानं लिहिलं: अणुभट्ट्या आत्ताच बंद करा, आणि हवामानासाठी कोळशाची वीजही.

आईची इस्त्री थांबली.

"दोन्ही बंद? मग ही कशावर चालवू?"

"उन्हावर, वाऱ्यावर."

"आणि ऊन गेल्यावर?"

"वीज साठवायची. मोठ्या बॅटऱ्या असतात."

"त्याचा खर्च कोण देणार?"

"सरकार."

आई हसली. "सरकार काय घरून डबा आणतं? माझ्याच बिलात लावेल की गं बाय."

कोळशाच्या इस्त्रीवर वर्षानुवर्षं काढून तिला दमा जडलाय. डॉक्टरांनी धूर बंद केला, म्हणून विजेची इस्त्री आली. वीज महागली तर आई कशाकडे परतेल, हे मला विचारायची गरज नव्हती.

मी वाचत बसले. काही देशांनी अणुभट्ट्या आधी बंद केल्या, तेव्हा त्यांची बरीचशी जागा काही वर्षं कोळशानं आणि गॅसनं भरली. जुनी भट्टी चालवत राहावं तर दुरुस्ती आणि पिढ्यान्‌पिढ्या राखायचा कचरा. नवी बांधावी तर तीही महाग. शेवटी मी एक परिच्छेद घातला: आधी स्वच्छ विजेची सोय करा, तिचा बोजा गरिबाच्या बिलावर टाकू नका, मग भट्टीला टाळं लावा. म्हणजे आत्याला मी 'थांब' म्हणत होते. किती वर्षं, ते मला लिहिता येईना.

छपाईचं बघणाऱ्या कार्यकर्त्यानं तो परिच्छेद परस्पर काढला. मी भांडले.

"ताई, पत्रकात 'पण' आला की माणूस मोर्चाला येत नाही," तो म्हणाला. "घरी जाऊन विचार करत बसतो."

"करू दे की विचार!"

"गठ्ठे वाटून झाले, ताई."

यंदा विजेचे दर वाढले. त्याचा त्या भट्टीशी काही संबंध नव्हता. भट्टी चालूच आहे, आत्याही तिथंच आहे. आईनं माळ्यावरून कोळशाची इस्त्री खाली काढली.

"रोज नाय गं. चादरी आणि पडद्यांपुरती."

मी ओरडले, डॉक्टरांची आठवण दिली, दुसरं काम बघ म्हणाले. कुठलं काम, असं तिनं विचारलं.

"टेन्शन नको घेऊ," ती पदर नाकाला लावत म्हणाली. "जरा वारा घाल, निखारा धरत नाय."

मी पुठ्ठा घेतला आणि वारा घालू लागले.