लाडाचं नाव

बोलायला सुरुवात करण्याआधी ती फोन टेबलावर पालथा ठेवायची आणि मग विचारायची, "पण हे दिसंल कुणाला?" चहा सांगू का म्हटलं तरी ही हेच विचारील, असं मी एकदा तिच्या तोंडावर म्हणालो. ती हसली, पण फोन सरळ केला नाही.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. दाराची कडी लावून पुन्हा ओढून बघणारं. आपण त्याला भित्रं म्हणतो आणि मोकळे होतो. मीही बरेच दिवस तेच म्हणत होतो.

हिंगोलीत माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं. वरच्या मजल्यावर पुण्याहून परत आलेल्या एका तरुणानं मोबाइलचं ॲप बनवायचं ऑफिस टाकलं. दोन कॉम्प्युटर, एक खडखडणारा पंखा आणि ही डिझायनर मुलगी. ॲपचं नाव 'जायचंय'. आवडलेलं ठिकाण त्यात ठेवायचं. औंढ्याचं देऊळ असो, सिद्धेश्वरचं धरण असो, नाहीतर पुसेगावच्या बाजारातली भज्यांची गाडी. मराठी मजकूर लिहायला मालकानं मला वर बोलावलं. गावात शुद्ध मराठी मलाच येते असा त्याचा समज होता, आणि मी तो काही दूर केला नाही.

पहिल्याच दिवशी मी ऐटीत लिहून दिलं, 'आपल्या आवडत्या स्थळाचे येथे सस्नेह जतन करावे.' तिनं ते वाचलं आणि ओढणी तोंडाला लावून हसत सुटली.

"काका, स्थळ म्हणलं तर लोक पोरगी बघायला येतील. ठिकाण म्हणा."

"बरं, ठिकाण. आणि जतन?"

"आमच्या मायनं उभ्या जन्मात काही जतन न्हाई केलं. ती ठेवून द्यायची."

म्हणून आमच्या ॲपचं बटण 'ठेवून द्या' असं झालं. पत्रिका छापून छापून माझी भाषा कडक इस्त्रीची झाली होती, ती या पोरीनं चुरगळून माणसात आणली.

एक सोय मात्र पूर्णपणे तिच्या डोक्यातली. तिचं म्हणणं असं, की बोर्डावरचं नाव आपल्याकडे कोण घेतं? स्टँडजवळच्या लॉजवर काहीतरी पॅलेस लिहिलंय, पण सगळं गाव त्याला पिवळी बिल्डिंग म्हणतं. तर ठिकाण ठेवताना आपण त्याला काय म्हणतो तेही लिहायला एक चौकट हवी. मी 'टोपणनाव' सुचवलं. ती म्हणाली, "लाडाचं नाव." त्या एका चौकटीचा रंग तिनं किती वेळा बदलला असेल! बघा काका, आता बघा काका, करून मला जिना चढवून चढवून दमवलं.

मालकाशी तिचं एकदाच कडाक्याचं वाजलं. एखादं हॉटेल कुणी आवडत्यांत ठेवलं, की हॉटेलवाल्याला त्या माणसाच्या नावासकट मेसेज जावा, म्हणजे हॉटेलवाले खूश होऊन जाहिराती देतील, असा त्याचा हिशेब. तिनं फोन पालथा ठेवला.

"एखादी पोरगी कुणासंगं कुठं बसून चहा पिली, हे हाटेलवाल्याला काहून कळावं?"

"अगं, एवढं काय त्यात!"

"त्यातच सगळं हाय, सर."

शेवटी तिचंच चाललं. मेसेज जाणार, दर सोमवारी जाणार, पण ठेवणाऱ्याचं नाव त्यात नाही. आणि हॉटेलवाल्याला उलट उत्तर देण्याची सोय नाही. या दोन गोष्टी तिनं मालकाकडून कबूल करून घेतल्या आणि त्या दिवशी डबा पोटभर खाल्ला.

ती अशी का, ते पुढे तिनंच सांगितलं. जातीबाहेर लग्न केलं होतं. भावानं नांदेडला त्यांची खोली शोधून काढली, नवऱ्याची मोटारसायकल फोडली आणि पुढच्या वेळी गाडीवर भागणार नाही असं शेजाऱ्यांना बजावून गेला. मग दोघं गुपचूप हिंगोलीत आले. हे सांगताना तिचा आवाज हलला नाही.

"आणि वडील?" मी विचारलं.

"दादा काही बोलत न्हाईत. न माझ्या बाजूनं, न त्याच्या. आखाडा बाळापूरला रोडला हाटेल हाय त्यांचं." मग थांबून म्हणाली, "काका, बाळापूरचं कुणी इचारत आलं, तर अशी कुणी इथं न्हाई म्हणायचं."

मी आणि मालकानं ते मान्य केलं.

आता चूक कशी झाली ते सांगतो. ॲप तपासून बघायला एक खरं ठिकाण आणि त्याचा खरा फोन नंबर घालावा लागतो. तिला एकच नंबर तोंडपाठ होता. तिनं वडिलांचं हॉटेल घातलं, लाडाचं नाव लिहिलं आणि 'ठेवून द्या' दाबलं. मेसेज जाणं तेव्हा बंद होतं. पुढे कुणा लॉजवाल्याला गंमत दाखवायला मालकानं ते सुरू केलं. बाळापूरला मेसेज गेला : 'अभिनंदन! तुमचं ठिकाण एका व्यक्तीने आवडत्यांत ठेवलं आहे. लाडाचं नाव : टाटेल.'

माणसाचं नाव तिनं सात कुलपांत ठेवलं होतं. ठिकाणाचं नाव तिला पकडून देईल, हे आम्हा कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी एक म्हातारे गृहस्थ मेसेजखालचा पत्ता विचारत माझ्या दुकानावरून वर गेले. पांढरा पायजमा, खांद्यावर पंचा. मीही मागोमाग चढलो. ती नवऱ्याला डबा द्यायला बाहेर गेली होती.

"साहेब, हे कुणी पाठवलं?" त्यांनी फोन पुढे केला.

"मशीन पाठवतं आपोआप," मालक म्हणाला.

"मशीनला टाटेल कसं ठाऊक? आमच्या लेकराला ल्हानपणी हाटेल म्हणता येत नव्हतं. टाटेल म्हणायची. दुसरं कुणी न्हाई म्हणत जगात."

पंखा खडखडत होता. मालकानं माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणालो, "अशी कुणी इथं नाही."

"मी एकटाच आलो. पोराला न्हाई सांगितलं."

"इथं नाही हो कुणी."

ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, तसेच बसून राहिले. मग फोन मालकासमोर धरून म्हणाले, "बरं. न्हाई तर न्हाई. याला उत्तर कसं देतात, तेवढं तरी दाखवा."

उत्तर द्यायची सोय नाही, हे त्यांना मालकानं सांगितलं. ते उठले आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. मला त्या घटकेला त्या मुलीचा राग आला, तिच्या भावाचा आला, आणि त्या दीडशहाण्या ॲपचा तर फारच आला.

ती आल्यावर मी सगळं सांगितलं. घाबरेल, रडेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "दादा जिना चढले? गुडघे दुखतात त्यांचे."

पण वडिलांचा फोन भाऊही बघतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हिशेब करायला आली ती सामान बांधूनच. कुठं चाललात, हे आम्ही विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. जुना नंबर बंद केला. कॉम्प्युटरवरचं आपलं सगळं तिनं एकेक करून पुसलं. शेवटी मालक म्हणाला, "बाळापूरचं ते ठिकाणही काढून टाक ना."

"ते राहू द्या, सर," ती म्हणाली. "सोमवारी जाईल त्यांना."

कडी दोनदा ओढून बघणारी पोरगी, आणि जाताना एवढं एक दार उघडं टाकून गेली. माझ्या पाया पडली आणि उतरून गेली. मी आशीर्वाद द्यायलाही विसरलो.

पुढे एकदा पत्रिकांचा गठ्ठा पोचवायला मी आखाडा बाळापूरला गेलो होतो. रस्त्यावरच्या त्या हॉटेलात पाय आपोआप वळले. गल्ल्यावर तिशीतला धिप्पाड मुलगा बसला होता. नाकडोळे अगदी तिचेच. म्हाताऱ्यांनी मला ओळखलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. चहा स्वतः आणला आणि टेबल पुसायला वाकले.

"सोमवारी येतं बराबर," ते पुटपुटले. "आलं की कळतं, बरी हाय."

मी मान हलवली. तो मेसेज मशीन पाठवतं, ती कुठं आहे हे आम्हालाही माहीत नाही, हे सांगायला जीभ रेटली नाही.

"पण पोरगं इचारून राहिलं, दर सोमवारी फोनात काय बघता म्हणून. ते सोडणार न्हाई साहेब. हाटेलाचं नाव काढून टाका तिथून."

"काढलं तर पुन्हा येणार नाही मेसेज."

"व्हय. कळतं मला." फडकं त्याच जागी फिरत होतं. "आधीचे हायेत तेवढेही पुसून द्या."

गल्ल्याकडे पाठ करून मी त्यांच्या फोनमधले सगळे सोमवार पुसले. मग मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात, पत्रिका छापायच्या असल्या तर सांगा, असं म्हणून दुकानाचं कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी मालकानं ते ठिकाण काढलं. घटकाभरानं मला फोन आला. मागे गिलास विसळल्याचा आवाज येत होता.

"आला एक मेसेज," ते म्हणाले आणि अक्षरं जुळवत वाचू लागले, "तुमचं ठिकाण... आता... कुणाच्याही... आवडत्यांत... न्हाई."

ठिकाण काढलं की हाही मेसेज आपोआप जातो, हे मालक विसरला होता. शब्द माझेच होते. पंख्याखाली बसून, चहा पीत लिहिलेले.

"दादा, ते तसं नाही हो..."

"न्हाई, न्हाई. बरं झालं," ते म्हणाले. "हा पुसत न्हाई. हा पोराला दाखवता येतो."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पलीकडे गिलास वाजत राहिले.