बटण कोणी दाबले

अकोल्याच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात सीमाबाई निमकरांनी उमेदीची सगळी वर्षे एक धडा न कंटाळता शिकवला. प्रोसेसरचे चालू काम मध्येच थांबवायचे असेल, तर त्याच्या रजिस्टरांत, म्हणजे हातातल्या आकड्यांच्या जागांत, जे जे आहे ते कर्नलने, म्हणजे यंत्राचा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रोग्रामने, आधी मेमरीत जपून ठेवावे. मधले काम उरकले की जसेच्या तसे परत करावे. मग संस्थाचालकांना एके दिवशी संगणकाची शाखा परवडेनाशी झाली. कुलूप लागले. सीमाबाईंच्या कपाटातली त्यांची स्वतःची पुस्तकेसुद्धा त्यांना कोणी परत दिली नाहीत. तो राग घेऊनच त्या अमरावतीला आल्या आणि नांदगाव पेठच्या एका कापड गिरणीच्या संगणक विभागात लागल्या.

गिरणीने जुन्या मागांवर नव्या नियंत्रणपेट्या बसवल्या होत्या. पेट्यांचा प्रोग्राम लिहिला होता विभागप्रमुख ललितने. वयाने सीमाबाईंच्या विद्यार्थ्यांएवढा, बोलण्यात त्यांचा परीक्षक.

पेट्या आल्यापासून कापडात मध्येच आडवी पट्टी उमटू लागली. उभे धागे गुंडाळलेल्या रुळाला, बीमला, अचानक हिसका बसे आणि ते धागे रांगेने तुटत. कोणाच्या मागावर जास्त, ते ललितने पाहिले. दुर्गाबाईंच्या. थांबवायचे बटण सर्वांत जास्त कोण दाबते? दुर्गाबाई. झाला निकाल. फलकावर ‘निष्काळजीपणा’ असा शब्द लागला आणि चार माग एकटीने सांभाळणारी बाई फाटकाबाहेर गेली.

सीमाबाईंना ती फाटकाशी कडुनिंबाखाली भेटली. डबा तसाच बांधलेला.

“घरी नाही गेलात?”

“घरी काय सांगू, ताई? धागा ढिला दिसला का मी बटन दाबतो. मंग काय तुटू देऊ? बाकीच्या पोरी मोबाईल पाहून राहिल्या, त्याईले कोनी काई मनत नाई. मीच काहून?”

मीच काहून. सीमाबाई जागच्या जागी थबकल्या. दोष बटण दाबणारीत नसून दाबण्यातच असेल, तर? मग जी सर्वांत जागरूक, तिच्याच कापडावर पट्ट्या सर्वांत जास्त उमटणार!

त्यांनी ललितचा प्रोग्राम उघडला आणि वाचता वाचता त्यांचे कान तापले. बटण दाबले की कर्नल पूर्णांकांचे रजिस्टर जपून ठेवत होता; दशांश आकड्यांचे रजिस्टर मात्र नाही. वेळ वाचावा म्हणून ललितने ती सोय बंद केली होती. पुढे मालकांना खूश करण्यासाठी त्याने बटणाच्या कामात कापडाची लांबी मीटरमध्ये मोजायचे घातले. दशांशातच! धाग्यांचा ताण दशांशात मोजला जात असताना बटण दाबले गेले, की लांबीचा आकडा ताणाच्या जागी बसे. पेटी तोच ताण समजे आणि बीम खेचे.

“वर्ग घेता का, मॅडम?” ललित हसला. “महिनोन्‌महिने चालतेय ते.”

“वर्गच घेते. चला मागावर.”

ताणाची मोजणी जवळजवळ अखंड चालू राहील, असे त्यांनी एका पेटीत केले होते, म्हणजे मोजणी आणि बटण यांची गाठ पडायला फार वाट पाहावी लागू नये. “दाबा.”

ललितने दाबले. काही नाही. माग सुरू करून पुन्हा दाबले. तिसऱ्यांदा बीमने हिसका दिला आणि धागे तडातडा तुटले.

“तुमचे नाव फलकावर लावू? निष्काळजीपणा म्हणून?”

धागे जोडून झाल्यावर सीमाबाईंनी दशांशांचे रजिस्टर जपण्याची सोय चालू केली. “आता हवे तितके दाबा.” तो दाबत राहिला, कापड स्वच्छ उतरत राहिले.

“ठीक आहे,” तो शेवटी म्हणाला, “सुधारित आवृत्ती म्हणून सगळ्या पेट्यांत टाकू. त्या बाईंना नव्याने भरती करून घेऊ. सध्या झाडलोटीला.”

सीमाबाईंचा आवाज चढला. सगळे खाते ऐकत होते. “यंत्रातला आकडा जसाच्या तसा परत द्यायचा, आणि माणसाला झाडू? तेच चार माग, तीच पाळी, जुनी नोकरी न तोडता. आणि फलकावरचा तो शब्द तुम्ही स्वतःच्या हाताने काढायचा. तोवर ही दुरुस्ती दुसऱ्या पेटीत जाणार नाही; गेलीच, तर दोष कोणाचा होता ते मालकांना मी सांगेन. मला काढायचे तर काढा. कुलूप मी पूर्वीही पाहिले आहे.”

त्याच दिवशी आणखी दोन मागांवर पट्ट्या उमटल्या. बटण दाबायला दुर्गाबाई नव्हत्या. दोष द्यायला कोणी उरले नाही. ललितने स्वतःच्या हाताने फलक पुसला आणि दुरुस्ती सगळ्या पेट्यांत गेली.

दुर्गाबाई आपल्या मागांपाशी उभ्या राहिल्या. “माफी मांगतली का त्यानं?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“मले वाटलंच होतं.”

ललित चक्कर मारत आला. ओशाळला असेल, असे सीमाबाईंना क्षणभर वाटले.

“आता तरी बटण जरा कमी दाबत जा, बाई.”

सीमाबाई पुढे सरसावल्या. पण दुर्गाबाईंनी त्यांना नजरेनेच थांबवले. ललितच्या डोळ्यांत डोळे घालून त्यांनी बटण दाबले. माग थांबला. त्यांनी तो सुरू केला आणि पुन्हा दाबले.

“पाहा न सायेब, कापड पाहा,” त्या म्हणाल्या. “माह्याकडं काय पाहून राहिले?”