जाऊबाईचा कलदार

"आयसी या एनसी?" औषधांच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं. मला वाटलं, तो आयशीयूचं विचारतोय. मागं बाकावर माझी थोरली जाऊ पडली होती. पहाटेपासून जुलाब आणि उलट्या. डोळे खोल गेले होते, ओठ वाळले होते, मनगट धरलं तर नाडी हाताला लागत नव्हती.

"आयशीयू कायकू?" मी म्हणाले. "इत्ता जादा है क्या?"

तो वैतागला. "पैसा, माताजी, पैसा. इंडियन या नेपाली?"

जावेच्या कमरेच्या पिशवीतून मी पाचशेची नोट काढली होती, ती पुढं केली. त्यानं हातसुद्धा लावला नाही. सलाइनच्या बाटल्या, सुया, इंजेक्शनं असं सगळं त्यानं माझ्यासमोर मांडलं होतं. ते दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढून घेतलं.

"सौ का दो. पाँच सौ का इधर नहीं चलता."

शंभराची एकही नोट आमच्याकडं नव्हती. नेपाळी तर नव्हतीच.

आम्ही लुंबिनीला होतो. उमरग्याहून आमच्या समाजाची बस निघाली होती. बुद्धगया झालं, कुशीनगर झालं, मग सीमा ओलांडून नेपाळात आलो. दोघी विधवा, म्हणून एका खोलीत. दोघींचे पैसे तिच्याजवळ, कारण ती थोरली. बस नेणाऱ्या माणसानं निघतानाच सगळ्यांना बजावलं होतं, की तिकडं आपली शंभराच्या वरची नोट कुणी घेत नाही. आपल्या शंभराला त्यांचे एकशे साठ हा भाव. सीमेच्या अलीकडंच मोडून घ्या.

सीमेवर रस्त्याच्या कडेला एक जण टेबल टाकून बसला होता. तो शंभराला एकशे पंचावन्न देत होता. पाचशेची नोटही घेत होता. बसमधल्या सगळ्यांनी त्याच्याकडं पैसे मोडले. आमच्या जाऊबाईंनी मोडले नाहीत.

"पाच खातंय मुडदा," ती म्हणाली.

"खाऊ द्या, आक्का. सगळ्यांनी घेतलं."

"सगळ्यांला अक्कल न्हाय. नाक्यावर कलदार मोडायचा नसतो."

हे तिच्या बापाचं. तिचं माहेर नळदुर्ग. निजामाच्या राज्यात तिचा बाप शेरडं घेऊन सोलापूरला विकायला जायचा. सोलापूर इंग्रजाचं. तिथं मिळायचा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया, आणि घरी चालायची निजामाची हाली. सहा कलदाराला सात हाली. येताना नाक्यावर मोडणारे बसलेले असत, ते आणा-दोन आणे कापत. बाप तिथं मोडायचा नाही. कलदार कमरेला बांधून गावात आणायचा आणि बाजारात पुरा भाव घ्यायचा. ही गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले. हाली गेली, कलदार गेला, निजाम गेला. जाऊबाई आपल्या रुपयाला अजून कलदारच म्हणते.

"हे नळदुर्ग न्हाय," मी म्हणाले.

"तुला काय कळतंय? चौथी शिकलेली तू."

"तुमी तेवढं पण न्हाय."

ती फुगून बसमध्ये जाऊन बसली. पिशवी तिच्या कमरेला. मी काय करणार?

जुलाब लागले त्या दिवशी बस दुसरी ठिकाणं बघायला गेली. जाऊ उठू शकत नव्हती म्हणून मी मागं राहिले. बसवाल्याला फोन लावावा तर आमचं सीम तिकडं मुकं. आम्ही उतरलो होतो त्या विहारातल्या स्वयंपाक्यानं एक रिक्षा बोलावून आम्हाला दवाखान्यात पाठवलं. त्या रिक्षावाल्याचंही भाडं द्यायचं राहिलं होतं, म्हणून तो बाहेर उभा होता.

मी बाहेर गेले, आत आले. बाकाशी गेले, खिडकीशी गेले. बसायला जागा होती, पण बसवत नव्हतं. डॉक्टर येऊन जावेचा डोळा उघडून बघून गेला आणि म्हणाला, "सलाइन जल्दी लगाओ." लावायचं कशानं?

शेवटी रिक्षावाल्याला विचारलं, पाचशेची नोट इथं कुणी घेतं का. तो गेला आणि एका कापड दुकानदाराला घेऊन आला. जाडा, घामाघूम झालेला माणूस. त्यानं नोट उजेडात धरली, उलटली.

"छह सौ दूँगा."

भावानं आठशे होत होते. माझ्या तोंडातून सवयीनं निघालं, "सात सौ." तो नोट परत देऊन वळला. मी त्याची बाही धरली. "देव. छह सौ देव."

बाकावरनं आवाज आला. सकाळपासून ती बोलली नव्हती.

"आठशे हुत्यात."

"गप पडा, आक्का."

"दोनशे खातंय."

"खाऊ द्या."

"माज्या पैशाला हात लावू नगं."

औषधं आणि दवाखाना मिळून पुष्कळ लागणार होतं, एका नोटेत भागणार नव्हतं. मी पिशवीला हात घातला तर तिनं वरनं हात दाबून धरला. अंगात पाण्याचा थेंब नाही आणि मूठ अशी, की मला एकेक बोट सोडवावं लागलं. ती मला शिव्या देत होती. त्या इथं लिहीत नाही. दुकानदार दुसरीकडं बघत उभा राहिला. नर्स हसली. मी नोटा काढून दुकानदाराला दिल्या आणि त्यानं दिलेले नेपाळी पैसे मोजून न घेता खिडकीत टाकले.

सलाइन लागलं. तरी मला बसवेना. बाटलीतला थेंब पडतोय का ते बघत उभी राहिले. दुसरी बाटली चढत आली तेव्हा ती म्हणाली, लघवीला जायचंय. डॉक्टर म्हणाला, आता भीती नाही. आणखी थोडा वेळ गेला असता तर मूत्रपिंडं गेली असती.

संध्याकाळी बस परत आली. बसवाला माझ्यावरच ओरडला. जाऊबाई माझ्याशी गोरखपूरपर्यंत बोलली नाही. पुढं बोलली ती एवढंच, की सीमेवरचा पाचच खात होता आणि तू शंभराला चाळीस घालवलेस. हिशेब बरोबर होता.

आता आमच्या वस्तीतली माणसं श्रीलंकेला, थायलंडला जातात. बाया मला विचारायला येतात. मी सांगते, दोन ठिकाणी भाव विचारा, फार कापत असतील तर तिसरीकडं जा. पण निघायच्या आधी मोडा. कुठली नोट तिकडं चालते ते भावाच्या आधी विचारा. आणि सगळे पैसे एकीच्या कमरेला देऊ नका, मग ती कुणी का असेना.

त्या खेपेला उमरग्यात बस लागली तेव्हा जाऊबाई स्वतःच्या पायानं उतरली. न्यायला आलेल्या लेकाबरोबर मुरुमला त्याच्या घरी गेली. बसमधून जेवढी माणसं गेली होती, तेवढी सगळी जिवंत परत आली.