बाबांचा बॅनर

बाबा गेले माघात, आणि वैशाखातल्या वादळाने त्यांचं घर उघडं पाडलं. मधले तीन महिने माझा धाकटा भाऊ म्हणत होता, येत्या रविवारी कौलं चाळतो. रविवारांना काय तोटा? मी किन्हवलीला दिलेली, माहेर मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याशी. एवढ्या लांबून फोनवर ओरडून कुणाची कौलं जाग्यावर बसतात का? शेवटी चार दिवस रजा टाकून मीच आले, आणि दुसऱ्याच दुपारी वारं सुटलं.

अर्धा तास होतं, बस्स. पण त्या अर्ध्या तासात आमच्या मागल्या खोलीवरची कौलं अंगणात, परड्यात आणि शेजारच्या गोठ्यात जाऊन पडली. वर दोन बाजा मावतील एवढं भोक. आणि त्या भोकाच्या बरोबर खाली कणगी.

ही कणगी बाबांनी खोलीतच विणलेली, बांबूची, शेणाने सारवलेली. दारातून बाहेर निघत नाही. तिच्यात त्यांचं झिणी भाताचं बियाणं होतं. गावातल्या बाकी सगळ्यांनी कधीच दुकानातल्या पिशव्या धरल्या. बाबा मात्र आजोबांचं बी दरवर्षी निवडून ठेवायचे. लोक हसायचे. बाबा म्हणायचे, "हसा. पण पिशवीवाल्याला दरसाल हात जोडायला तुमीच जाता, मी नाय." हे बी दुसरं कुणाकडेच नव्हतं. ते भिजलं तर पेरणीच्या आधीच कणगीत मोड येणार, आणि मग संपलं. बाबा दुसऱ्यांदा गेले असते, असं मला तेव्हा वाटलं. आजही तसंच वाटतं.

पहिल्या सरीत थोडक्यात निभावलं, कारण आईने पळत जाऊन कणगीच्या तोंडावर गोधड्या आणि परात टाकली. पण सिद्धगडावर पुन्हा काळं भरून येत होतं. नुसती वरून झाकून भागत नाही; जमीन भिजली की कणगीचं बूड ओल धरतं. बी काढून हलवावं, तर घरात कोरडा कोपरा उरला नव्हता. शेजारी मागावं, तर गावात निम्म्या घरांची हीच गत. मुरबाडचा रस्ता झाडं पडून बंद. आमची एकुलती ताडपत्री पेंढ्यावर घातलेली, ती वाऱ्याने फाडून चिंध्या केलेली.

"शिडी आण," मी भावाला म्हटलं.

भाऊ कंपनीत लागल्यापासून अंगाने चांगला भरलाय. वर चढला आणि तीन पावलांत चार धड कौलं फोडली. मी खालून म्हटलं, "बाबा रे, वाऱ्याने ठेवलेली तरी राहू दे. उतर." तो बिचारा मुकाट्याने उतरला. मी पदर खोचला तर म्हणतो कसा, "ताई, बाईमाणसाने आढ्यावर पाय द्यायचा नसतो."

"आणि बाप्यामाणसाने तीन महिने हातावर हात ठेवून बसायचं असतं, होय?" मी म्हटलं.

तो काही बोलणार एवढ्यात आई म्हणाली, "चढू दे तिला. ती वाळकी हाय. कौलाला वजन कळतं, बाईमाणूस कळत नाय."

आई स्वतः कधी वर चढली नाही. पण चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात शिडीखाली उभं राहून तिने बाबांच्या हातात एकेक कौल दिलंय. शेवटचं कौल दिलं की आत जायची, भाकऱ्या थापायची, आणि दारातून हाक मारायची, "उतरा आता. भाकर झालीय." वर काय चाललंय, हे तिला मान वर करून करून पाठ झालेलं. मी वर आणि ती खाली, अशी त्या दिवशी माझी शिकवणी झाली. पाय कौलावर नको, खालच्या लाकडी रिपेवर. फुटकी सगळी काढ, त्यांची दया करू नको.

भोक मोकळं झालं. आता झाकायचं कशाने? मला माहीत होतं कशाने. घरात एकच वस्तू तेवढी मोठी आणि धड होती. पण आईकडे ती मागायची कशी?

बाबांचा श्रद्धांजलीचा बॅनर. दहाव्याला गावकऱ्यांनी नाक्यावर लावलेला, दहा फूट लांब. छपाईवाल्याने बाबांना न विचारता कोट घालून दिलेला. बाबांनी जन्मात कोट घातला नव्हता. टोपी त्यांची, चेहरा त्यांचा, खाली कुणा साहेबाचं धड. आम्हाला रडता रडता हसू आलं होतं. आईने तो बॅनर पुसून, घडी घालून ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवलेला. त्यावर कुणी हात ठेवलेला तिला खपत नसे.

भावाला राहवलं नाही. तो हळूच म्हणाला, "आई, तो बाबांचा..."

आई ताडकन आत गेली. मला वाटलं, संपलं, रागावली. मी वरून भावावर डोळे वटारले. तर ती घडी काखेत घेऊन बाहेर आली. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत. "जन्मभर हे घर त्यांनीच शाकारलं. यंदाही चढवा त्यांनाच. तोंड मात्र आतल्या बाजूला कर गो. पावसात नको त्यांचं तोंड."

भावाने बॅनर वर दिला. मी खिळे मागितले, तर आई उसळली. "खिळा म्हणजे भोक. एक बुजवायला चढलीस, धा पाडशील." मग तिने भावाला दोन गोण्या अर्ध्या अर्ध्या मातीने भरायला लावल्या, त्यांची तोंडं एकाच दोरीने बांधायला लावली. अशा तीन जोड्या. एक गोणी आढ्याच्या अलीकडे, एक पलीकडे, मध्ये दोरी. बॅनरचं वरचं टोक आढ्यापलीकडे टाकलं आणि त्यावर या जोड्या घातल्या. तेवढ्यात थेंब सुरू झाले. मी घाईने खालचं टोक कौलांच्या खाली सारलं, निऱ्या खोचाव्यात तसं नीटनेटकं. मला माझं फार कौतुक वाटलं.

सर आली आणि आतून भाऊ ओरडला, "ताई, धार लागली!" बॅनरवरचं सगळं पाणी मी खोचलेल्या टोकावरून थेट आत उतरत होतं. आईने भर पावसात कपाळावर हात मारला. "पाणी कुठं जाणार ते बघ ना बये. टोक कौलावर काढ, कौलाच्या वर!"

हात गारठलेले, कौलं निसरडी, तोंडावर पावसाचा मारा. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण आता उतरले असते तर मलाच माझं तोंड दाखवायची लाज वाटली असती. पोटावर आडवी झाले, एकेक कौल उचललं, टोक बाहेर ओढलं आणि कौलांवर पसरलं. भावाने शिडीवरून बांबू दिला. टोक त्याला गुंडाळून तो दोन्हीकडून वाशांना बांधला. आणि पाणी बॅनरवरून कौलांवर, कौलांवरून अंगणात निघालं.

आत आले तेव्हा आई कणगीचं बूड हाताने चाचपत होती. एका बाजूला सारवण मऊ झालेलं. तिने चुलीतली राख आणून तिथे थापली. वर पाहिलं, तर वाशांमधून बाबा, कोट घालून, कणगीवर नजर ठेवून.

त्यानंतर आठवडाभर पाऊस येत-जात राहिला. बॅनर फडफडला, पण हलला नाही. रजा संपली तरी मी राहिले, कारण आत काय झालंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पाऊस ओसरल्यावर राख थापलेल्या बाजूचे मूठभर दाणे आईने ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवले. जिवंत असतील तर मोड धरतील, कुजले असतील तर तिसऱ्या दिवशी वासच सांगेल, म्हणाली.

तिसऱ्या दिवशी नवी कौलं घेऊन टेम्पो आला. गवंडी शिडी लावत होता. आईने ओट्यावर बसून फडक्याची गाठ सोडली. एकूणएक दाण्याला मोड होता, पांढरा, एकसारखा. भाऊ हुंदके देऊन रडायला लागला. मी त्याला रागवायचं ठरवलं होतं, पण मलाच जमलं नाही.

आई उठली. मागल्या खोलीच्या दारात उभी राहिली, मान वर केली.

"उतरा आता," ती म्हणाली. "भाकर झालीय."