फवारलेले पेरू

डोंगरकडा गावात आमच्या शेजारच्या काकांच्या अंगणात पेरूची दोन झाडं आहेत. फळमाशीसाठी एकावर ते औषध फवारतात, दुसऱ्यावर नुसता माश्या पकडायचा सापळा टांगतात. रोज सकाळी सापळ्यातल्या माश्या मोजून कुंपणावरून मला निकाल सांगतात, "सर, सापळा बराबर काम करून राहिला. पर औषधाचा माल दिसायला भारी."

तो दिसायला भारी माल ते नेहमी मला देत. घरात मात्र सापळ्याच्या झाडाचे, थोडे किडके पेरू कापून खात. मला त्यांच्या मोठ्या मनाचं फार कौतुक वाटायचं.

परवा त्यांची बकरी सुटली आणि फवारलेल्या झाडाखालच्या पेरूला तिनं तोंड लावलं. काका जेवणावरून उठून धावत आले आणि त्यांनी पेरू तिच्या दातांतून ओढून काढला.

"त्याच्यावर औषध मारेल हाय," ते तिला समजावू लागले. "तुला काई झालं मंग?"

मी कुंपणापाशीच उभा होतो. मला पाहून ते दुसऱ्या झाडाकडे वळले. मग सापळ्याच्या झाडाचा एक पेरू तोडून त्यांनी त्यातला किडका भाग काढला आणि उरलेल्याचे दोन तुकडे केले.

पहिला बकरीला दिला. दुसरा मी दोन्ही हात पुढे करून घेतला.