दोन मिनिटं गुडघ्यांवर

फिलोमीन ड्रोव्हरची सुई न टोचलेला दंड हेरिंग आर्ममध्ये शोधूनही सापडला नसता. न्यूफाउंडलंडच्या खाडीकाठचं ते गाव. औषधाचं दुकान एकच आणि त्यात औषधं देणारी बाईही एकच. एकोणतीस वर्षं. फ्लूची लस, धनुर्वाताची लस, सुईला घाबरणाऱ्या पोरांसाठी नाकात मारायचा लशीचा फवारा, सगळं तिच्याच हातचं. हात इतका हलका, की माणूस दात आवळून बसलेला असायचा आणि ती सुई डब्यात टाकून मोकळी झालेली असायची.

पण हात हलका असून भागत नाही. टोचायचा परवाना लागतो. तो चालू राहायचा तर बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू करता येतं, असा दाखला वेळच्या वेळी नवा करावा लागतो. फिलोमीनने उन्हाळ्यात गुडघा बदलून घेतला आणि त्या रगाड्यात दाखल्याची मुदत उलटून गेली. चूक तिचीच होती आणि ती तिने कुणावर ढकलली नाही. पण हे तिच्या ध्यानात आलं सोमवारी, आणि शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये लसीकरण, अशी पाटी दुकानावर केव्हाची लागलेली.

दुकान विकत घेतलेल्या कंपनीचा शहरातला साहेब फोनवर फार गोड बोलला. "फिलोमीन, चौसष्ट म्हणजे काही कमी वय नाही. यंदा राहू द्या. लोक फेरीबोटीने इकडे येऊन घेतील लस."

फिलोमीनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बोटीने जायला दोन तास, यायला दोन, आणि वारा सुटला की बोटच बंद. गावातली थकली माणसं त्यापेक्षा लशीवाचून राहतील आणि हिवाळा संपेपर्यंत त्यांतली दोन-तीन जातील, हे त्या साहेबाला कोण सांगणार? तिनेच सांगितलं आणि त्याचं उत्तर न ऐकता फोन ठेवला.

संध्याकाळी शेजारचा ॲम्ब्रोज पाइक बाही वर करूनच दुकानात आला. म्हातारा मासेमार, छाती अधू, तोंड मात्र धडधाकट.

"टोच गं. शनिवारी त्या रांगेत कोण उभं राहील?"

"आज माझ्याकडे परवाना नाही."

"कुणाला कळणार आहे?"

"मला."

"मग नाकात तरी मार. नाकात फुस्स करायला कसला आलाय परवाना?"

"त्यालाही तोच लागतो. आणि फवारा पोरांसाठी आहे, तुझ्यासारख्या खोडांसाठी नाही."

"एकोणतीस वर्षं टोचतेयस आणि आता कागदाला भितेस?"

हे तिला लागलं. "भीत असते ना, तर परीक्षा टाळून तुला आत्ता गुपचूप टोचलं असतं. माझ्या हाताखाली शिकलेल्या दोघांना याच कारणावरून मी घरी पाठवलंय. त्यांना एक नियम आणि मला दुसरा होय? बाही खाली कर. आणि परवा तुझा ट्रक लागेल मला."

बुधवारी दोघं ट्रकसकट बोटीत चढले. शहरात दाखल्याचा वर्ग होता. तिथे शिकवणारा आणि परीक्षा घेणारा ट्रेंट बर्सी जेमतेम सव्वीसचा. जमिनीवर रबरी पुतळे मांडलेले.

"जमिनीवर गुडघे टेकायचे, दोन मिनिटं छाती दाबायची. दाब कमी पडून पुतळ्यावरचा हिरवा दिवा विझला की पुन्हा पहिल्यापासून," तो म्हणाला.

"पुतळा टेबलावर नाही का ठेवता येणार?"

"नाही, बाई. हृदय बंद पडलेला माणूस टेबलावर चढून पडत नाही."

पोराचं बोलणं खरं होतं, आणि तेच तिला सलत होतं. तिने गुडघा टेकून पाहिला. खडीवर टेकल्यासारखी कळ मस्तकात गेली. ट्रेंट जवळ येऊन हळूच म्हणाला, "तुम्हाला येतंय ते दिसतंय मला. मी पास लिहून टाकतो. कुणी विचारत नाही."

"आणि शनिवारी लस घेऊन कुणी माझ्यापुढे कोसळलं, तर त्याला काय सांगू? ट्रेंटने लिहून दिलंय म्हणून?" फिलोमीन वळली. "ॲम्ब्रोज, ट्रकमधलं लाइफजॅकेट आण."

ते फाटकं, नारिंगी जॅकेट समुद्रावर जाऊन जमाना झाला होता. हेरिंग आर्मची माणसं माळावर बेरीची रानफळं वेचायला जाताना असलंच एखादं जुनेर नेतात, ओल्या शेवाळावर गुडघ्यांखाली घ्यायला.

"हे नाही चालणार," ट्रेंट म्हणाला.

"कुठे लिहिलंय? वाचून दाखव."

त्याने पुस्तक उलटंपालटं केलं. जमीन होती, दोन मिनिटं होती. लाइफजॅकेटबद्दल अक्षर नव्हतं.

"मग झालं तर. जमिनीवरच बसतेय मी," फिलोमीन म्हणाली आणि गुडघे टेकले.

ती मोठ्याने मोजत दाबत राहिली. पहिल्या मिनिटाला घाम डोळ्यांत उतरला. पुढे मोजणं कमी आणि कण्हणं जास्त झालं, पण हात थांबले नाहीत. ॲम्ब्रोजने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. हिरवा दिवा एकदाही विझला नाही.

दोन मिनिटं संपली आणि फिलोमीनला उठता येईना. ट्रेंट हात पुढे करून धावला. तिने तो झिडकारला.

"उठणं आहे तुझ्या पुस्तकात?"

"नाही, बाई."

"म्हणजे मी पास?"

"हो."

"मग आधी सही. मला उठताना बघून तुला दया यायला नको, आणि शंकाही."

ट्रेंट तिच्या शेजारी जमिनीवर बसला आणि मांडीवर कागद धरून त्याने सही केली. तिने दाखला वाचला, तारीख तपासली, घडी घालून खिशात ठेवला आणि मगच दोन्ही हात वर केले. दोघांनी मिळून तिला उभं केलं.

ॲम्ब्रोजने तिथल्या तिथे बाही वर केली. "आता तरी टोचशील?"

"शनिवारी," फिलोमीन लंगडत दाराकडे निघाली. "रांगेत ये."