थंड मुलखाची गरी

मला पाहायला जी स्थळं आली, त्यांची पत्रिका आई बघायची. बाबा फक्त एक प्रश्न विचारायचे, "गरवूंक येता?" गरवणं म्हणजे गळ टाकून मासे धरणं. आमच्याकडे गळाला गरी म्हणतात. संध्याकाळी बाबा गरी घेऊन बाहेर पडले नाहीत, तर त्यांना बरं नाही असं समजून शेजारी चौकशीला यायचे.

बाबा पाळी गावच्या खाणीवर कारकून होते. दिवसभर ट्रकवाल्यांच्या सबबी ऐकायच्या. टायर फुटला, सासू वारली, मग तीच सासू पुन्हा वारली. संध्याकाळी आमोण्याला घरी परतायचं आणि मानशीवर जाऊन बसायचं. नदीकाठच्या खाऱ्या खाजनशेतांच्या बांधात पाणी आतबाहेर सोडायला लाकडी दार असतं, ती मानस. ओहोटीला दार उघडलं की शेतातलं पाणी धो धो नदीकडे धावतं आणि मासे तिथे गोळा होतात. सबबी ऐकून ऐकून बाबांना खोटं बोलणाऱ्या माणसाची शिसारी आली होती. डिचोलीच्या एका चांगल्या सरकारी नोकरीतल्या मुलाला त्यांनी नकार दिला, कारण त्याने आपण धरलेला मासा कोपरापर्यंत हात दाखवून सांगितला होता.

"माशाबद्दल फटी मारता, तो बायलेकडे खरें उलयतलो?" बाबा म्हणाले. विषय संपला. आईने कपाळाला हात लावला. मला त्या मुलाचं काही वाटलं नव्हतं, म्हणून मी हसले.

मग कोरगावचा आला. बोटीवर नोकरीला होता आणि त्याची बोट उत्तरेकडच्या थंड मुलखात जायची, एवढीच माहिती मध्यस्थाने दिली होती. ते भाषेच्या भांडणाचे दिवस होते. घटकराज्य होणार का, झालं तर त्याची भाषा मराठी की कोकणी, यावरून घराघरांत चुली पेटायच्या आधी माणसं पेटायची. माझे बाबा मराठीवाले. पाहुण्यांच्या विचारपुशीवरून बोलणं निघालं आणि कळलं, की मुलाबरोबर आलेली त्याची आत्याही मराठीवालीच. मग दोघं मराठीच्या बाजूने तासभर तावातावाने बोलले, ते अर्थात कोकणीत.

मुलाने बाबांसाठी एक पेटी आणली होती. ती उघडली आणि बाबांचं बोलणं तोंडातच राहिलं. आत कप्पेच कप्पे. दांडा तोडलेल्या चमच्यासारखे चकचकीत पत्रे, काही चांदीच्या रंगाचे, काही तांब्याच्या. काचेचे डोळे लावलेले रंगीत लाकडी मासे. लाल-पिवळी पिसं बांधलेल्या गऱ्या. तीन तोंडांचे आकडे. आमच्याकडे गरीला लावायचं आमिष म्हणजे सुंगट, म्हणजे कोळंबी, किंवा गांडूळ, फार तर पीठ. हे सगळं मांडवीकाठी कुणी पाहिलंच नव्हतं.

आत्याने एक पिसांची गरी उचलून कानाला लावून पाहिली. "हाची जोडी आसा काय रे?" तिने विचारलं.

मी बशा घेऊन बाहेर आले. साडी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून, खाली बघत. माझ्याकडे कुणी बघेना. बाबा पेटीत डोकं घालून बसले होते आणि आई नकली माशाचं पोट दाबून बघत होती.

"कुठल्या पाण्याक कुठलें घालतात?" बाबांनी विचारलं.

मुलगा सरसावून बसला. थंड पाण्यात मासा सुस्त असतो, त्याच्या मागे लागायची त्याला हौस नसते, म्हणून जड पत्रा घ्यायचा, तो तळापर्यंत जाऊ द्यायचा आणि हळूहळू ओढायचा. पाणी नितळ असलं तर चांदीचा, गढूळ असलं तर तांब्याचा. ढग आले तर पिसांचा. दोरी जाड, कारण तिकडचा मासा जड. आकडा मोठा, कारण त्याचं तोंड मोठं. असं धडाधड बोलता बोलता त्याने मान वर केली आणि मला पाहिलं. "म्हणजे गढूळ पाण्याला चांदीचा, आणि नितळ पाण्याला..." तो थांबला. नितळ पाण्याला काय, ते त्याला आठवेना.

मला तो तिथेच आवडला. सरळ सांगते, मला बघून नितळ-गढूळाचा घोटाळा आधी कुणीच केला नव्हता.

"मोठ्यात मोठो मासो केदो धरलात?" बाबांनी विचारलं.

त्याने दोन्ही हात पसरले. एक हात आत्याच्या नाकाला लागला. बाबा खूश झाले, कारण थंड दर्यात मोठाले मासे असतात हे त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं.

मी मात्र लहानपणापासून बाबांबरोबर बांधावर बसलेली. पेटीतल्या एकाही पत्र्यावर ओरखडा नव्हता. तीन तोंडांचा आकडा त्याने उचलला, तो त्याच्याच बाहीत अडकला, आणि तो बोलत असताना हळूच सोडवत होता. माझ्या अंगात खोडी शिरली. "तुला काय विचारायचं असेल तर विचार," असं आत्या रीतीप्रमाणे म्हणाली. यावर मुलीने मान हलवून आत जायचं असतं. मी विचारलं, "गरी दोरीला बांधताना गाठ कशी मारतात तिकडे?"

"गाठ?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "तिकडे थंडीने बोटं बधिर होतात. म्हणून गाठ मारलेलीच विकत मिळते."

"शाणी माणसां!" बाबा म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून हसले. पण हसू लवकरच जिरलं. भाषेच्या भांडणापायी लोकांनी रस्त्यांवर झाडं तोडून आडवी टाकली होती, दुपारनंतर बस बंद झाली, फेरीबोटही बंद. पाहुणे अडकले. आणि बाबा आनंदाने म्हणाले, "फाल्यां सकाळीं सुकती आसा. मानशीर वचूंया. तुमचो हात बघूंया."

सुकती म्हणजे ओहोटी. म्हणजे उद्या सकाळी तो बांधावर उभा राहणार, बाबांच्या डोळ्यांदेखत उघडा पडणार, आणि डिचोलीच्या मुलासारखाच परत जाणार. या वेळी मला हसू येणार नव्हतं. मला तो हवा होता, त्याच्या थापांसकट.

सकाळी सगळे चहा पीत असताना मी पेटीतला तांब्याचा पत्रा बाबांच्या दुसऱ्या दोरीला पक्की गाठ मारून बांधला आणि त्याच्या हातात दिला. "ही गाठ मारलेलीच," मी म्हटलं. "विकतची." त्याने गाठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले. निदान पत्रा पाण्यात फेकता आला तर बास. मासा लागला नाही तर खुशाल थंड मुलखाच्या सवयीवर ढकलता येईल.

पण मानशीवरच्या रीतीचा मी विचारच केला नव्हता. तिथे नवा माणूस पहिल्यांदा गरी टाकणार असेल, तर आधी मानशीच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. राखणदार म्हणजे बांधाच्या कडेला झाडीत असलेला शेंदूर फासलेला दगड. जाणता माणूस त्याला नव्या माणसाची ओळख करून देतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. ज्याची ओळख करून द्यायची, त्यानेही म्हणायचं. तिथे खोटं 'व्हय' म्हणण्याची कुणाची छाती नाही.

बाबांनी विडा आणि विडी ठेवली, हात जोडले. बांधावर गरवायला आलेली माणसं भोवती उभी राहिली. आत्याही पदर खोचून आली होती.

"बा मानशीच्या राखणदारा म्हाराजा! कोरगांवचो पाव्हणो तुझ्या दारात आयलो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो बोटीर कामाक आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात पाहुण्याचा आवाज सगळ्यांत मोठा.

"थंड मुलखाच्या दर्यात तेणें म्हशीयेवडे मासे गरयल्यात म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. तो म्हणाला नाही. बाबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा चढ्या आवाजात.

"ना, काका," शेवटी तो म्हणाला. "हांव बोटीच्या रांदचेकुडींत आसां. मासो माज्याकडे पावता तेन्ना ताका तकली नासता."

बोटीच्या स्वयंपाकघरात काम करणारा माणूस. बिनडोक्याचे मासे कापणारा. पुढचं त्याने एका दमात सांगितलं. मुलीच्या वडिलांना गरवायचा नाद आहे असं मध्यस्थाने कळवलं, म्हणून एका बंदरात तो दुकान शोधत गेला. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं, पाणी कसलं? हा म्हणाला, कोमट, खारट, गढूळ. तसलं सामान त्याच्याकडे नव्हतंच. त्याने सगळं थंड पाण्याचं काढून समोर मांडलं आणि कशाला काय ते शिकवलं. हा दुकान बंद होईपर्यंत एकेक उचलून बघत राहिला. माशाला काय आवडेल ते त्याला कळेना, म्हणून बाबांना काय आवडेल ते त्याने निवडलं.

आत्या मटकन बांधावर बसली. मानशीतून पाणी चाललं होतं, मासे चालले होते, आणि बाबांना त्याचं भान नव्हतं. आता हे "चला" म्हणणार आणि घराकडे वळणार, असंच मला वाटलं. पण घातलेलं गाऱ्हाणं अर्धवट सोडता येत नाही. बाबांनी पुन्हा हात जोडले.

"म्हाराजा! चूक जाली. पाव्हण्यान अजून एकूय मासो गरवूंक ना!"

"व्हय म्हाराजा!" तो ओरडला.

"काल माझ्या घरात बसान फटी मारल्यान, आज तुझ्यासमोर खरां उलयलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबांची नजर त्याच्या दोरीवरच्या माझ्या गाठीवर गेली. घसा खाकरला. दगडाकडे बघतच म्हणाले, "आनी माझ्या चेडवाक हो पसंत आसा म्हाराजा!"

मुलीच्या पसंतीला 'व्हय' कोण म्हणणार? ते म्हणायचा हक्क तिथल्या कुणाला नव्हता, आणि जिला होता तिने म्हणायची रीत नव्हती. गाऱ्हाण्याला बायका हात जोडतात, आवाज देत नाहीत. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं.

ते इतक्या मोठ्याने निघालं, की काठावरचे बगळे उडाले. सगळे मासे पळवलेस म्हणून बाबा दिवसभर माझ्यावर चिडलेले होते.